सिंकखालचा नट

"आज होत नाही सार. हत्यारं पूजेला बसलीत," रणोजीराव प्लंबर म्हणाला. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं होतं ते बघून माझं डोकंच फिरलं. काम नाकारताना माणसाला एवढा आनंद फक्त म्हैसुरातच होत असेल. ओसरीवर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर ओळीनं पाने, पकडी, हातोड्या, आटे पाडायचं यंत्र, सगळ्यांना गंध-कुंकू, आणि पाइप कापायच्या करवतीला तर शेवंतीचा अख्खा हार. देवी त्या लोखंडात कुठेतरी लहानशी होती. मी म्हटलं, "अरे, नवा नळ आणून ठेवलाय, जुन्याचा एक नट काढायचाय. दहा मिनिटांचं काम." "दहा मिनिटांचं असू दे की. आयुधपूजेला पाना उचलायचा नाही म्हणजे नाही. नाळे बर्तीनि सार. उद्या दुपारी मीच येतो." उद्या दुपारी! गिरिजा उद्या सकाळी नऊला येणार होती. स्वयंपाकघरात जुनाच नळ दिसला तर ती आल्या रिक्षेनं बोगादीला भावाकडे परत जाणार होती, तसं तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. "नळ बदलला असेल तर राहते. नसेल तर राहत नाही." लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या बाईनं घातलेली अट, आणि तीही नळाची. हे मी रणोजीरावाला सांगणार थोडाच? तुमचे आजोबा आणि माझे आजोबा महाराजांच्या एकाच पलटणीत घोड्यावर होते, असं हा माणूस भेटेल तेव्हा सांगतो आणि मी भेटेल तेव्हा "हो का" म्हणतो, एवढंच आमचं नातं. त्यानं हातात चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला. मी तो खिशात कोंबला आणि निघालो.

देवराज मोहल्ल्यातून घरी येताना एक सायकल हाराशिवाय दिसली असेल तर शपथ. शिंप्यांनी शिलाई यंत्रांना हार घातले होते, सोनारांनी तराजूंना. एका दुकानात तर टेलिफोनला कुंकू लावलेलं होतं, आणि तो वाजत असताना उचलावा की नाही या विचारात मालक उभा होता. चौकाचौकात कोहळे फोडलेले, आत कुंकू भरलेलं, त्यावरून माणसं घसरत होती आणि हसत होती. मला या गावाचा राग येतो असं नाही. राग यायलासुद्धा समोरचा थोडा आपल्या बरोबरीचा लागतो. चौतीस वर्षं मी इथल्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं. घर्षण, तरफ, आटे, बल. ती सगळी पोरं आज इंजिनियर होऊन आपापल्या गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवतात. आणि माझा मेहुणा महादेवराव, ज्याच्या घरी माझी बायको अकरा दिवस राहिली आहे, त्याचं तर विचारूच नका. तो बँकेत कारकून होता, पण आजच्या दिवशी डोक्याला फेटा बांधतो, पेटीतून आजोबांची तलवार काढतो, तिला दूध-पाण्यानं न्हाऊ घालतो, आणि शेजारच्या पोरांना बोलावून दाखवतो. त्या तलवारीनं गेल्या शंभर वर्षांत कोहळ्याशिवाय काहीही कापलेलं नाही. आमच्या घरी तलवार नव्हती, म्हणून गिरिजा दर वर्षी माझी हत्यारांची पेटी पूजेला मांडायची, पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, आणि मी वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचो, "त्या पकडीला नैवेद्य काय, ग्रीस का?" ती पकडीला कुंकू लावायची. या वर्षी ती नव्हती. त्यामुळे अख्ख्या गावात पूजेला न बसलेला एकच पाना शिल्लक होता, तो माझा. मला त्याचा आनंदच झाला. म्हटलं, चला, या मूर्खांच्या गावात एक तरी हत्यार आज कामाचं आहे. मीच काढतो. त्यात काय मोठंसं?

टाकीचा व्हॉल्व बंद केला, सिंकखालचे डबे, बटाट्यांची टोपली, केरसुणी बाहेर काढली, जुनं पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून डोकं आत घातलं. एकसष्टाव्या वर्षी माणसानं सिंकखाली झोपू नये हे पहिल्या मिनिटात कळतं. मान दुमडते, चष्मा घसरतो, डोळ्यांत वरून खवले पडतात. ओल्या सिमेंटचा, कुजक्या बटाट्याचा आणि झुरळांचा वास, आणि नाकापासून वीतभर अंतरावर तो नट. घर बांधलं तेव्हा बसवलेला जाड पितळी उभा नळ, सिंकच्या भोकातून खाली आलेला, आणि त्याला खालून धरून ठेवणारा हा षट्कोनी नट. हिरवा पडलेला. आट्यांच्या कडेनं गळू नये म्हणून लावलेला सफेदा वाळून दगड झालेला, त्यात सुतळीची दोन टोकं. मी वर उठून नळाच्या मानेत आणि भिंतीत लाटणं अडकवून आलो होतो, म्हणजे नट फिरवताना नळ सोबत फिरू नये. हे महादेवरावाला सुचलं नसतं. रॉकेल सोडलं. पाच मिनिटं थांबलो. पाना बसवला आणि जोर लावला. काही नाही. आणखी जोर लावला. काही नाही. दंडात कळ आली. पाना घसरून बोटांचं सालटं निघालं. मी त्या नटाला शिव्या घातल्या, मराठीत घातल्या, मग कन्नडमध्ये घातल्या, कारण कन्नड शिव्यांना जरा जास्त लांबी असते. मग परत पाना बसवला.

झोपलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा जास्त आठवतं, काय कारण असेल ते असो. अकरा दिवसांपूर्वीची दुपार मला आठवायची नव्हती. गिरिजा ताकातल्या मिरच्या करत होती, भरून वाळवायच्या, त्या मला जेवताना लागतात. शंभरेक मिरच्यांना चीर देऊन, बिया काढून, आत मेथी आणि मीठ भरायचं. तिची बोटं तीन वर्षांपासून सांध्यांतून वाकडी झालेली, सकाळी मूठ मिटत नाही, आणि कातडीला भेगा. मी बाहेरच्या खोलीत संपादकाला पत्र लिहीत होतो. गावातल्या पाणीपुरवठ्यावर. आतून तिचा आवाज आला, "अहो, नळ." हे आमच्याकडे रोजचंच होतं. तो नळ तिला उघडायचा नाही. मी म्हटलं, "आलो." आणि पत्रातलं वाक्य मनासारखं होईना. "अहो, हात भाजतायत." "आलो म्हटलं ना! एवढं काय आभाळ कोसळलंय?" मग काही आवाज आला नाही. मला वाटलं, चला, थांबली. वाक्य जमलं, चांगलं जमलं, त्यात एक टोमणा होता जो नगरपालिकेला कळण्याची शक्यताच नव्हती. पाऊण तासानं मी आत गेलो. मिरच्या परातीत तशाच, सिंकच्या कडेला नळाच्या मुठीवर हिरवट-पिवळी बोटं उमटलेली, मागचं दार उघडं. शेजारच्या तुंगाबाई नंतर म्हणाल्या की ती त्यांच्या न्हाणीघरात हात घालून अर्धा तास बसली होती, मग त्यांच्याकडून पायपुसणं मागितलं, पाय पुसले, आणि त्याच पायांनी बस धरून बोगादीला गेली. कपड्यांची पिशवीसुद्धा नेली नाही. मी तेव्हा काय म्हणालो माहीत आहे? तुंगाबाईंना म्हणालो, "मिरचीला एवढं घाबरतात होय?" त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं मी आजवर फक्त परीक्षेत कॉपी करणाऱ्यांकडे बघत आलो होतो.

आता खरं सांगायचं तर तो नळ तिला उघडायचा नाही याचं कारण तिची बोटं नव्हतीच. म्हणजे बोटंही होती. पण नळ थेंब थेंब गळायचा आणि त्या टप-टप आवाजानं माझं डोकं उठायचं, म्हणून मी प्रत्येक वेळी तो करकचून आवळायचो. आतला वायसर बदलला असता तर तो बोटानं मिटला असता. हे मला माहीत होतं. पोरांना मी वायसरची आकृती फळ्यावर काढून दाखवली आहे, सुंदर काढायचो. पण घरातला बदलला नाही. ती म्हणायची, "रणोजीरावाला बोलवू या का?" मी म्हणायचो, "त्याला कशाला, मी करतो की." आणि आवळायचो. जेवून हात धुतले, आवळायचो. पाणी प्यालो, आवळायचो. मग तिला काही हवं झालं की ती पदर खोचून उभी राहायची आणि हाक मारायची, आणि मी उठून जायचो, एका हाताने, डाव्या हाताने, फिरवून उघडून द्यायचो. तिच्याकडे न बघता. सांगायला लाज वाटते पण सांगतो, मला ते आवडायचं. निवृत्तीनंतर दुसरं कोणी मला हाक मारत नव्हतं. दिवसातून दहा वेळा या घरात माझ्यावाचून पाणी वाहत नव्हतं, आणि मी प्रत्येक वेळी असा उठायचो जणू मोठा उपकार चालला आहे. "काय तुझ्या हातात जोर!" असंही म्हणायचो. हसून. शी! सिंकखाली झोपून या गोष्टी आठवल्या की पाठीखालचं पोतं जास्त टोचतं.

एक वाजला. नट जागचा हलला नव्हता. उलट तो आणखी घट्ट झाल्यासारखा वाटत होता, पण ते मी थकव्यावर घातलं. उठलो. कंबर धरली होती. फोनकडे गेलो आणि बोगादीचा नंबर फिरवला. का फिरवला? माघार घ्यायला नव्हे, मुळीच नाही. मला फक्त तिला सांगायचं होतं की तुमच्या देवीनं गावातले सगळे प्लंबर पाटावर बसवले आहेत, तेव्हा नळ उद्या दुपारी होईल, तू सकाळी ये. फोन महादेवरावानं उचलला. "नमस्कार भावोजी! आयुधपूजा झाली? जेवायला या की इकडे, पुरणाचं होळिगे केलंय." मागे घंटा वाजत होती. म्हणजे तलवारीची आरती अजून चालू असावी. मी म्हटलं, "गिरिजाला द्या." ती आली. तिचा श्वास आधी ऐकू येतो, मग आवाज.

"काय हो?"

"नळ निघत नाही. नट अडकलाय. कोणी यायला तयार नाही. आज सगळ्या गावाला वेड लागलंय."

"तुम्ही स्वतः काढताय?"

"मग कोण काढणार? दोन तास झाले."

ती म्हणाली, "कुठल्या बाजूला फिरवताय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"खाली झोपून फिरवताय ना? मग वरचा हिशेब धरायचा नाही. घड्याळ आपल्याकडे तोंड करून त्या नटावर टांगलंय असं समजायचं आणि काट्याच्या उलट फिरवायचं. हलतो तो. मी हलवला होता की."

"तू? कधी?"

"तुम्ही पोरांना घेऊन हळेबीडला गेला होतात ना, निवृत्तीच्या आधीच्या वर्षी. म्हटलं नळच काढावा आणि रणोजीरावाकडून साधा बसवून घ्यावा. बोटं तेव्हा बरी होती. पाऊण फेरा सुटला. मग भीती वाटली."

"कसली?"

"तुमची, आणि कसली? तुम्ही हसला असता. नाहीतर रागावला असता. परत आवळून ठेवला, डबे लावले. कुठल्या बाजूला फिरवताय तुम्ही?"

"त्याच बाजूला!" मी ओरडलो. "त्याच बाजूला फिरवतोय. चौतीस वर्षं मी हेच शिकवलंय, तू मला शिकवू नकोस." आणि फोन आपटला. फोन आपटल्यावर हातातल्या सालटं निघालेल्या बोटांत अशी कळ आली की मी जागच्या जागी नाचलो.

स्वयंपाकघराच्या दारात मी उभा राहिलो तो उभाच राहिलो. उजव्या हाताची मूठ धरली, अंगठा वर केला. बोटं वळतात तिकडे फिरवलं की नट अंगठ्याच्या दिशेनं सरकतो, हा नियम मी इतक्यांदा शिकवला होता की माझा हात आपोआप ती मुद्रा धरतो, लग्नाच्या फोटोतसुद्धा माझा अंगठा तसाच वर आहे. मग मूठ उलटी केली, अंगठा खाली, आणि बघितलं. सकाळपासून मी मनात सिंकच्या वर उभा होतो. वरून बघणाऱ्या माणसाची दिशा धरली होती आणि हात खालून चालवत होतो. म्हणजे दोन तास, अंगातला सगळा जोर लावून, रॉकेल घालून, शिव्या देऊन, मी तो नट आवळत होतो. तिनं एकदा पाऊण फेरा सोडवलेला नट. मला एकदम एक मुलगी आठवली, विशालाक्षी नावाची, पहिल्या बाकावर बसायची, दोन वेण्या. तिनं याच नियमाच्या तासाला हात वर करून विचारलं होतं, "सर, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर?" आणि मी म्हटलं होतं, "दुसऱ्या बाजूनं बघणारे नापास होतात." वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. ती खाली बसली आणि वर्षभर तिनं परत हात वर केला नाही. तीस वर्षांत ती मला एकदाही आठवली नव्हती. मी तिथं उंबऱ्यावर बसलो. मला माझी एवढी किळस आली की रणोजीराव, महादेवराव, हार घातलेल्या सायकली, सगळे त्या मानानं फार शहाणे वाटायला लागले. त्यांनी निदान आज पाना हातात घेतला नव्हता.

पण बसून चालणार नव्हतं. उद्या नऊला ती येणार, आणि आता तिला नुसता नळच दिसणार नव्हता. दोन तासांचे पान्याचे ओरखडे दिसणार होते, आणि ते कुठल्या बाजूला पडलेत हे वाचणारी या घरात तीच एक होती. परत आत गेलो, पाठीवर झोपलो, तिनं सांगितल्याप्रमाणे घड्याळ टांगलं आणि काट्याच्या उलट फिरवलं. अर्थात हलला नाही. कसा हलणार? मी माझं काम चोख केलं होतं. हातोडीनं पान्याच्या टोकावर हलकेच ठोकलं, परत रॉकेल, परत ठोकलं. कडा गोल व्हायला लागल्या आणि पाना नुसता वरून फिरू लागला. तेव्हा मात्र मला रडू आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस बटाट्याच्या वासात झोपून नटाकडे बघून रडतो, हे कोणी बघितलं असतं तर मी त्याचं तोंड आयुष्यभर बघितलं नसतं. मग करवतीचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि नटाची एक बाजू उभी कापायला घेतली. जागा इतकी अरुंद की हात दोन इंच पुढे, दोन इंच मागे. डोळ्यांत पितळेचा चुरा. बाहेर फटाके वाजत होते, कुणीतरी गाडीसमोर कोहळा फोडला, पोरं ओरडली. मी कापत होतो. दर थोड्या वेळानं घाम पुसून मी विचार करत होतो की ती इथं याच जागी झोपली असेल, साडी खोचून, आणि तिला हे एकटीनं करावंसं वाटलं कारण नवऱ्याला सांगण्यापेक्षा नट सोडवणं तिला सोपं वाटलं. असा नवरा. ऊन उतरायच्या सुमाराला पातं आरपार गेलं. छिन्नी घालून एक ठोका दिला आणि नट दोन तुकडे होऊन माझ्या छातीवर पडला. मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. नवा नळ बसवला, लांब दांडीचा, मनगटानं ढकलला की उघडणारा, नर्सिंग होममध्ये असतात तसा. खालचा नट हातानंच घट्ट केला, पान्यानं पाव फेरा, बस्स. टाकी सोडली. गळत नव्हता. तरी तीनदा वाकून खालून बोट फिरवून बघितलं.

सकाळी ती नऊच्या आधीच आली. महादेवराव सोबत होता, फेटा नव्हता, खिशात शमीची पानं. माझ्या हातात पानं ठेवून तो म्हणाला, "सोनं घ्या भावोजी," आणि माझी पट्टी बांधलेली बोटं बघून बाहेरच्या खोलीतच थांबला. नेहमी मी त्यावर काहीतरी बोललो असतो, पानांना सोनं म्हणणाऱ्या माणसांबद्दल. आज पानं खिशात ठेवली. गिरिजा चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. भावाकडून आणलेली पिशवी तिनं खांद्यावरच ठेवली होती. मी मागोमाग गेलो आणि दाराशी थांबलो. तिनं मनगटाच्या बाजूनं दांडी ढकलली. पाणी आलं. मिटवली. परत उघडली, परत मिटवली. मग सिंकखाली वाकून बघितलं, फार वेळ. काल फोनवर मी काय ओरडलो होतो ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"रणोजीराव आला होता?" तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. किती सोपं होतं! "नाही," मी म्हटलं. "मीच काढला. कापून काढावा लागला." ती माझ्याकडे बघत राहिली. पिशवी अजून खांद्यावरच. "मी उलटा फिरवत होतो," मी म्हटलं. "तुझ्याशी फोनवर बोलेपर्यंत दोन तास उलटाच फिरवत होतो. आवळत होतो. मी खोटं बोललो."

आता ती हसणार, असं मला वाटलं. तिनं हसावं असंही वाटलं. एकतीस वर्षांचं हसणं तिच्याकडे शिल्लक होतं आणि ते सगळं माझ्यावर ओतायचा तिला हक्क होता. बाहेर महादेवराव खोकला. गिरिजा हसली नाही. तिनं वाकडी बोटं पिशवीच्या पट्ट्यात घालून ती हळूच खांद्यावरून उतरवली आणि ओट्यावर ठेवली.

"मीपण आधी उलटाच फिरवला होता," ती म्हणाली. "पण थोडाच वेळ."